हेल्मेट सगळ्यात शेवटी

४ मार्च हा आपल्या देशात राष्ट्रीय सुरक्षा दिवस म्हणून पाळला जातो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. या दिवशी कारखान्यांच्या गेटवर झेंडा लागतो, शपथ होते, पोस्टरं लागतात. पोस्टरवर बहुतेक वेळा एकच चित्र असतं, पिवळं हेल्मेट घातलेला कामगार. त्यामुळं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समीकरण बसलंय की सुरक्षा म्हणजे हेल्मेट.

आपल्या संकेश्वरात सध्या कुठल्याही गल्लीत जा, एक तरी घर बांधायला काढलेलं दिसेल. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागूनच आहे. संकेश्वर-बांदा महामार्गाचं काम आपण बघितलंय. हिरण्यकेशीच्या काठाला साखर कारखाना आहे, निपाणीकडं तंबाखूच्या वखारी आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील, मामा, भाऊ गवंडी आहेत, सेंटरिंगचं काम करतात, कारखान्यात फिटर आहेत. सुट्टीत स्वतः बिगारी म्हणून जाणारे विद्यार्थीही आपल्या वर्गात आहेत. म्हणून हा विषय इंजिनिअरिंगवाल्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. सुरक्षेच्या शास्त्रात हेल्मेटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याच्या आधी चार पायऱ्या आहेत, आणि माणसं बहुतेक करून त्या चार पायऱ्या गाळल्यामुळं मरतात.

पाच पायऱ्या

जगभर सुरक्षेचं काम करणारे लोक धोक्याकडं एका ठरलेल्या क्रमानं बघतात.

पहिली पायरी, धोका मुळातूनच काढून टाकायचा. दुसरी, काढता येत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणायची. तिसरी, माणूस आणि धोका यांच्या मध्ये काहीतरी पक्कं उभं करायचं, म्हणजे कठडा, जाळी, झाकण, गार्ड. चौथी, कामाची पद्धत आणि नियम ठरवायचे, म्हणजे कोण करणार, कधी करणार, कुणाला विचारून करणार. आणि पाचवी, माणसाच्या अंगावर साधनं चढवायची, म्हणजे हेल्मेट, बेल्ट, मोजे, बूट, मास्क.

हा क्रम असा का? पहिल्या तीन पायऱ्या कामगाराच्या लक्ष देण्यावर अवलंबून नसतात. कठडा एकदा बसवला की तो दिवसभर तिथंच असतो. कामगार दमला, त्याचं लक्ष उडालं, त्याला घरची काळजी लागली, तरी कठडा आपलं काम करत राहतो. बेल्टचं तसं नाही. तो रोज, दर वेळेला, दर पावलाला आठवणीनं अडकवावा लागतो. एक वेळ विसरलं की संपलं.

एक साधं उदाहरण घेऊ. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबसाठी कॉलमच्या सळ्यांना रिंगा बांधायच्या आहेत. वर काठावर उभं राहून बांधण्यापेक्षा पिंजरा खाली जमिनीवर बांधून मग वर चढवला, तर काठावरचं निम्मं काम आपोआप कमी झालं. ही पहिली पायरी. उरलेल्या कामासाठी काठाला तात्पुरता कठडा लावला, ती तिसरी. इतकं केल्यावर अंगावर बेल्ट आणि डोक्यावर हेल्मेट. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. वरच्या चार पायऱ्यांचा कुणी विचारच करत नाही, आणि पाचवी न पाळल्याबद्दल कामगाराला मात्र शिव्या बसतात. अपघात झाल्यावर बातमीत पण तेच येतं, "हेल्मेट नव्हतं." त्याच्या पायाखाली फळी तरी होती का, हे कुणी विचारत नाही.

उंची

बांधकामावर जीव घेणाऱ्या कारणांत उंचीवरून पडणं हे मोठं कारण आहे. लोकांना वाटतं की उंची म्हणजे दहावा मजला. गणित करून बघा. दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीवरून माणूस पडला, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २७ ते २८ किलोमीटर असतो, आणि पडायला एक सेकंदही लागत नाही. वीस फुटांवरून हाच वेग ताशी ३९ च्या आसपास जातो. "एकाच मजल्याचं तर काम हाय, काय होत न्हाई" हे वाक्य आपण रोज ऐकतो. एका मजल्याची उंची जीव जायला पुरते.

गच्चीला कठडा हवा, ही अक्कल काही आधुनिक नाही. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्याला छताभोवती कठडा बांधायला सांगितलंय, आणि कुणी तिथून पडलं तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्या आज्ञेचा अर्थ आहे. जबाबदारी कुणावर टाकली आहे ते बघा. पडणाऱ्यानं जपून चालावं, असं तिथं म्हटलेलं नाही. घर बांधणाऱ्यानं कठडा घालावा, असं म्हटलंय. आजचे सुरक्षेचे कायदे याच दिशेनं विचार करतात.

आता परांची. गिलावा करताना, रंग देताना आपल्याकडं बांबू किंवा लोखंडी पाइपांची परांची बांधतात. तीत चार गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. बुडाला पाय भुसभुशीत मातीत आहेत की फळीवर किंवा पक्क्या जागेवर? परांची भिंतीला ठिकठिकाणी बांधलीय की नुसती टेकवलीय? उभं राहायच्या जागेवर फळ्या सलग आहेत की मध्ये फट आहे? आणि कंबरेच्या उंचीला आडवा बांबू आहे का? रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी काम सुरू करण्याआधी हे सगळं परत बघायला हवं, कारण ओल्या मातीत पाय खचतात.

शिडीचं एक सोपं माप आहे. शिडी चार फूट उंच टेकवली तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा. बारा फुटांना तीन फूट. चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम पाहिजेत. म्हणजे हातात घमेलं किंवा बुट्टी घेऊन शिडी चढायची नाही, ती दोरीनं वर ओढायची.

बेल्ट असेल तर त्याचा हूक कशाला अडकवलाय हे महत्त्वाचं. ज्या परांचीवर उभे आहोत तिलाच तो अडकवला आणि परांचीच कोसळली, तर बेल्ट काय करणार? हूक स्वतंत्र आणि पक्क्या आधाराला, शक्यतो खांद्याच्या वर अडकवायचा.

स्लॅबची घाई

उंचीचाच दुसरा भाग म्हणजे वरचं खाली येणं. स्लॅब ओतला की दोन-चार दिवसांत सेंटरिंगवाला फोन करतो, "प्लेटा काढू का? दुसरीकडं काम लागलंय." प्लेटा आणि टेकू त्याच्या भांडवलाचा भाग आहेत, त्याला ते फिरवायचे असतात. पण काँक्रीट बाहेरून कडक दिसलं म्हणून आतून पूर्ण ताकदीचं झालेलं नसतं.

काँक्रीटसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४५६. त्यात साध्या सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हासाठी किमान दिवस दिले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढं २१ दिवस. पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे पीपीसी सिमेंट वापरलं असेल तर ताकद सावकाश येते, म्हणून जास्त थांबावं लागतं. आज बाजारातलं बरंचसं सिमेंट पीपीसीच असतं. पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचून बघा.

बांधकाम कोसळणं म्हणजे काय ते आपल्या भागानं जवळून पाहिलंय. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात काम सुरू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि १९ माणसं गेली. महाराष्ट्रात ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं अवजड यंत्र खाली आलं आणि २० जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी डोक्यावरचं हेल्मेट काय कामाचं? तिथं जीव वाचवणाऱ्या गोष्टी ड्रॉइंगमध्ये, जोडणीच्या तपासणीत आणि "आज हे काम करायचं नाही" असं म्हणणाऱ्या माणसात असतात.

माती आणि वीज

पाया खणणं, ड्रेनेजची चर खणणं ही कामं कुणाला धोक्याची वाटत नाहीत, कारण माणूस जमिनीच्या जवळ असतो. पण एक घनमीटर माती, म्हणजे तीन-सव्वातीन फूट लांब, रुंद आणि उंच ढेकूळ, दीड टनाहून जास्त भरतं. एवढी माती छातीपर्यंत आली तरी पुरते. माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, माती आणखी आवळते, आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. तोंड मातीच्या बाहेर असूनही माणूस गुदमरतो.

म्हणून चर साधारण दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल गेली की बाजूंना फळ्या आणि टेकू लावायचे, नाहीतर कडा उतरत्या कापायच्या. खणलेली माती काठावर रचायची नाही, तिचं वजनच कडा ढकलतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तेव्हा कालची उभी कड आज भरवशाची राहत नाही. कुणी गाडलं गेलं तर जेसीबीचा बकेट घालून काढायला जाऊ नये, आत अडकलेल्या माणसाला तोच लागतो.

विजेचं उदाहरण तर आपल्या प्रत्येक गल्लीत दिसतं. सळई बाजारात १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट लांबीची येते. ती गच्चीवर ओढताना किंवा वळवताना तिचं दुसरं टोक कुठं जातंय हे धरणाऱ्याला दिसत नाही. घराजवळून ११ केव्हीची लाइन गेलेली असेल तर त्या तारेत ११ हजार व्होल्ट असतात, आपल्या घरात येतात ते २३०. नियमाप्रमाणं अशी लाइन इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि छताच्या वर किमान ३.७ मीटर लांब हवी. पण घरावर मजला चढला की हे अंतर संपतं, तारा मात्र तिथंच राहतात. इथं पहिली पायरी कोणती? मजला चढवण्याआधी वीज पुरवणाऱ्या संस्थेकडं अर्ज करून लाइन हलवून घेणं, आणि ते होईपर्यंत निदान कामापुरता पुरवठा बंद करून मागणं. सळई वर नेणाऱ्याला "जपून रे" म्हणणं ही चौथी पायरी सुद्धा धड होत नाही.

साइटवर व्हायब्रेटर, मिक्सर, कटर चालतात. त्यांच्या वायरी पाण्यातून जातात, जोड चिकटपट्टीनं केलेले असतात. तात्पुरत्या मीटरला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर शॉक लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. लाखो रुपयांच्या बांधकामात त्याचा खर्च काहीच नाही. कुणाला घरगुती लाइनचा शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा. हाय टेन्शन तारेचा मामला असेल तर जवळसुद्धा जाऊ नका, आधी पुरवठा बंद करवा.

बंद टाकी आणि फिरतं मशीन

आता कारखान्याकडं वळू. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात दुरुस्तीचा काळ सुरू होतो. मशीन बंद, म्हणून धोका कमी असं वाटतं. पण याच काळात माणसं टाक्यांत उतरतात, रोलरमध्ये हात घालतात, बॉयलरच्या आत शिरतात.

मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, घरचा शौचखड्डा, जुनी विहीर, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आतली हवा आणि बाहेरची हवा एक नसते. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात, आणि १० च्या आसपास आला की माणूस बेशुद्ध पडू शकतो. गंमत अशी की, ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीराला कळतच नाही. धाप लागत नाही, घुसमट होत नाही, सरळ पाय जातात. शिवाय सडलेल्या मळीत आणि मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आत उतरतो.

आपल्याकडं जुनी माणसं विहिरीत आधी कंदील सोडून बघायची. ती विझली तर खाली उतरायचं नाही. ही समज चांगली होती, पण अपुरी. कंदील विषारी गॅस दाखवत नाही, आणि खाली मिथेन असेल तर तीच भडका उडवते. सांडपाण्याच्या टाक्यांत मिथेन साचतो. डिसेंबर २०१८ मध्ये बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळच्या एका साखर कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेच्या ठिकाणी स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले.

अशा घटनांत एक आत गेला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंद जागांत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडं भाऊ भावासाठी, बाप पोरासाठी उतरतो, मागचा-पुढचा विचार करत नाही. म्हणून नियम आधीच ठरलेला हवा. गॅस मीटरनं आतली हवा मोजल्याशिवाय, पंख्यानं हवा खेळवल्याशिवाय, उतरणाऱ्याच्या अंगाला दोरी आणि वर एक माणूस कायम असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. आणि खड्डा मशीननं उपसता येत असेल तर माणूस उतरवायचाच नाही, ही पहिली पायरी. शौचखड्ड्यात विनासाधन माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मशीनचं दुखणं वेगळं. फिटर आत हात घालून बसलाय आणि लांब पॅनेलजवळ दुसऱ्यानं बटण दाबलं, असं घडतं. यावर उपाय म्हणजे कुलूप आणि पाटी. ज्याचा हात मशीनमध्ये जाणार त्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, "काम चालू आहे" अशी पाटी अडकवायची, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन सुरू होऊच शकत नाही.

साखरेची धूळ पेट घेते हे किती जणांना माहीत आहे? ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या इंपीरियल शुगर या कारखान्यात हवेत उडालेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार मेले. हा धोका साखर उद्योगाला कित्येक दशकं माहीत होता. तिथं उपाय होता तो धूळ साठू न देणं आणि झाडलोट वेळेवर करणं, इतका साधा.

सावकाश मारणारी धूळ

काही धोके त्याच दिवशी दिसत नाहीत. फरशी, ग्रॅनाइट कापताना जो पांढरा धुरळा उडतो त्यात सिलिकाचे कण असतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून हे बारीक कण अडत नाहीत. कटरवर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ उडतच नाही. इथंही साधन अंगावर चढवण्यापेक्षा धूळ होऊ न देणं जास्त उपयोगाचं. सिमेंटचंही तसंच. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, हातापायाची कातडी खातं. स्लॅबच्या दिवशी अनवाणी काँक्रीटमध्ये उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय बघितले की हे समजतं.

निपाणीच्या तंबाखू वखारींत बायका वर्षानुवर्षं धुळीत बसून तंबाखू चाळायच्या, निवडायच्या. ठसका, चक्कर, मळमळ हे कामाचाच भाग म्हणून चालवून घेतलं जायचं. या बायका संघटित झाल्या आणि संपावर गेल्या. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटानं १९८२ साली माहितीपट केला, तो "टोबॅको एम्बर्स" या इंग्रजी नावानं ओळखला जातो. आपल्या शेजारच्या गावातल्या बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही गोष्ट आपण साहित्य मंडळात एकदा बघावी. एकटीनं केलेली तक्रार ही कुरकुर ठरते, तीच सगळ्यांनी मिळून केली की मागणी होते, हे त्यात दिसतं.

कायदा कुठपर्यंत पोचतो

१९४८ चा कारखाने कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा हे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गंभीर इजा किंवा मृत्यूचा धोका समोर दिसत असेल तर कामगार ते मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो, असा हक्क तिच्यात दिलाय. धोक्याचा इशारा मिळण्याचा हक्क कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं आला होता, भोपाळची वायुगळती झाल्यानंतर.

पण ही संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते, आणि स्वतःसाठी बांधलेल्या ५० लाखांपर्यंतच्या घराचं काम तिच्या बाहेर राहतं. म्हणजे आपल्या गल्लीतली बहुतेक घरं. तिथं निरीक्षक येणार नाही. तिथं सुरक्षेचा विचार करणारं कोणी असेल तर ते घरमालक, मेस्त्री आणि कामावरची माणसं.

मंडळाची नोंदणी मात्र छोट्या साइटवरच्या कामगारालाही उपयोगी पडते. १८ ते ६० वयाचा, मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबलेला कामगार कर्नाटक इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडं नाव नोंदवू शकतो. ऑनलाइन अर्ज भरायला आपण विद्यार्थी सहज मदत करू शकतो.

भरपाईचं गणितही माहीत असावं. ठेकेदाराच्या किंवा कारखान्याच्या कामावर मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८ आहे. महिना १२ हजार वेतन धरलं तर ६ हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८०. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. पण वेतन सिद्ध करायला कागद लागतो. हजेरी एका चिठ्ठीवर आणि पगार रोख, असं असेल तर घरच्यांच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून हजेरीचा फोटो, फोनवरून आलेले पैसे, मेस्त्रीचा मेसेज, जे असेल ते जपून ठेवायला घरी सांगा.

"थांबा" म्हणणाऱ्याचा रोज

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, कामगारांनाच हे कळत नाही. असं नाही. परांची डुगडुगते हे वर उभा असलेल्याला सगळ्यात आधी कळतं. चरीच्या कडेची माती सुटतेय हे खाली खणणाऱ्याला दिसतं. तो बोलत नाही, कारण काम थांबलं तर त्याचा अर्धा रोज जातो, आणि "लई शाना झालास" म्हणून उद्या त्याला बोलावणं येत नाही. खरी अडचण इथं आहे. म्हणून घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं मेस्त्रीला पहिल्याच दिवशी एक शब्द द्यावा: धोका दिसला म्हणून कुणी काम थांबवलं तर त्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही. घराच्या एकूण खर्चात हे पैसे मोजण्याइतकेही होत नाहीत.

आपल्या साहित्य मंडळालाही एक काम करता येईल. आपल्या साइटवर मराठी बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले हिंदी बोलणारे असतात. धोक्याच्या पाट्या मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत. पाटीची भाषा तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाची असायला हवी. आपण भाषेची माणसं आहोत. "थांबा", "निल्लिसि", "रुको" अशा तीन भाषांतल्या दहा सोप्या पाट्या तयार करून गावातल्या ठेकेदारांना देणं आपल्याला अवघड नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढणारे हातही आपल्या कॉलेजात आहेत.

पुढच्या आठवड्यात कॉलेजला येताना वाटेत जे बांधकाम लागेल तिथं दोन मिनिटं उभं राहून बघा. काठाला कठडा आहे का, परांची भिंतीला बांधलीय का, तारा किती लांब आहेत, चर किती खोल आहे. हेल्मेट आहे की नाही, ते सगळ्यात शेवटी बघा. आणि काही चुकीचं दिसलं तर मेस्त्रीला काका म्हणून, नीट शब्दांत, पण सांगा जरूर.